कौसल्याकाकूंचा शेवटचा प्रवेश

त्या दुपारी आम्ही फक्त शेवटचा प्रवेश बसवायला गेलो होतो. लग्नसराई संपली की बारामतीतलं ते मंगल कार्यालय रिकामंच असतं. रांगेनं मांडलेल्या खुर्च्या, बंद खिडक्या आणि कुजत चाललेल्या झेंडूचा वास. रंगमंचावर सितारा, खाली संहिता घेऊन मी. दोघंच.

नाटक माझ्या कौसल्याकाकूंवर होतं. मला त्यांच्या हातातली हिरवी काकणं तेवढी आठवतात. मी लहान असताना काटेवाडीजवळच्या कालव्यात त्या बुडाल्या. त्यांनी जीव दिला, असं सगळे सांगायचे. मीही तसंच लिहिलं होतं.

काकूंच्या भूमिकेतली सितारा रंगमंचाच्या काठावर उभी राहिली. डोळे मिटून म्हणाली, "आता मला कुणी अडवू नका..."

"असं न्हाय."

आवाज मागच्या खुर्च्यांतून आला. बाईचा, अगदी हलका. तिथं कुणीच नव्हतं.

आधी मला रागच आला. "कोण हाय? नाटकातलं काय कळतं तुमाला?"

मी मागच्या रांगांकडे निघालो. मग...

"नाटकातलं न्हाय कळत, बाळा... पण मरण माझं हाय."

पळायला हवं होतं. पण खरं सांगू, मला जाणून घ्यायचं होतं.

"मग कसं झालं, काकू?"

सितारा हळूहळू खाली बसली. धुणं पिळावं तसे तिचे हात फिरू लागले. एकाएकी दचकून तिनं मागं पाहिलं आणि परक्याच आवाजात म्हणाली, "आबा... हात सोडा..."

मग भानावर येऊन तिनं मला विचारलं, "दिग्विजय, हे आबा कोण?"

आमचं सगळं घर माझ्या वडिलांना आबा म्हणतं. मी तिला ते सांगितलं नाही. तो प्रवेश मात्र तसाच्या तसा नाटकात घेतला.

प्रयोगाला आबा पहिल्या रांगेत होते. टाळ्या झाल्या, माणसं पांगली. आबा बसूनच राहिले.

"बाकी झकास जमलंय," ते म्हणाले. "पर शेवट बदल. तसं काय झालं न्हाय. तू काय तितं हुतास?"

त्यांच्या मागच्या रिकाम्या खुर्च्यांतून कुणीतरी हळूच म्हणालं,

"तुमी हुता की, आबा..."

आबांनी मागं वळून पाहिलं नाही. ते उजवं मनगट घट्ट दाबून बसले होते. मी त्यांचा हात बाजूला केला. मनगटावर ताजा ओरखडा होता, आणि त्यात हिरव्या काकणाचा कपचा रुतला होता.