आत्याच्या तोंडचं नाव

हिंगणघाट नगरपालिकेच्या जन्म-नोंदणीच्या खिडकीशी तो पहिल्यांदा आला, तेव्हा त्याच्या केसांत कापूस होता. अल्लीपूरहून येताना मोटारसायकल कापसाच्या गाडीमागे अडकली असणार. खिडकीमागच्या पौर्णिमाला हसू आलं. हसायला नको होतं बिचारीनं... पण पुढचं सगळं त्या हसण्यानंच झालं.

"मॅडम, अन्वी नावाच्या किती पोरी हायेत?"

तिनं संगणकात पाहिलं. "यंदाच्याच एकतीस."

"अन् मायरा?"

"विचारूच नका."

त्याचं नाव रत्नदीप. भाचीचा जन्म नोंदलेला होता, नावाची जागा तेवढी कोरी होती. दुसरीही मुलगीच झाली म्हणून बहिणीला, मेघाला, न्यायला समुद्रपूरच्या सासरहून पाच महिने कुणी फिरकलं नव्हतं. बारसंही अडलं होतं. मामानं कितीही सुरेख नाव शोधून आणलं, तरी ते बाळाच्या कानात सांगायचं आत्यानं. आणि आत्या तिकडे, मेघाच्या सासरी.

"नाव तरी असं पाह्यजे का दुसऱ्या कोनाचंच नसन," तो म्हणाला. "तेवढं तरी तिचं एकटीचं."

मग तो दर सोमवारी नवं नाव घेऊन येऊ लागला, आणि ती दर सोमवारी निळा कुर्ता घालू लागली. एकदा गर्दी ओसरल्यावर तिनं स्वतःच एक नाव सांगितलं. आपल्याला मुलगी झाली तर तिचं, म्हणून कॉलेजपासून मनात जपलेलं.

"उप्पलवण्णा."

"बापा! हाक मारेपर्यंत पोरगी शाळेतून घरी येऊन जाईन."

"थेरी, म्हंजे भिक्खुनी होती बुद्धाच्या काळातली. निळ्या कमळाच्या रंगाची... म्हना पाहू."

"उपल... वना."

"असं नाई. दोन्ही ओठ मिटा पह्यले."

त्यानं ओठ मिटले आणि तिच्याकडे बघतच राहिला. म्हणायचं विसरूनच गेला. पौर्णिमानं उगाचच स्टॅम्पपॅड उघडलं, मिटलं.

"या नावाच्या किती हायेत?" त्यानं हळूच विचारलं.

"एकबी नाई."

त्यानंतर तीन सोमवार तो आलाच नाही. निळा कुर्ता तीनदा धुतला गेला. चौथ्या सोमवारी तो आला, हातात उप्पलवण्णा हे नाव लिहिलेला, मेघाची सही असलेला अर्ज आणि सोबत एक हसरी मुलगी.

"ही नंदिनी. बाळाची आत्या." आणि नंदिनी झेरॉक्स काढायला गेल्यावर, खाली बघत, "साटंलोटं ठरलं. मेघा तिकडं नांदन, नंदिनी सून होऊन आमच्या घरी येईन. त्याशिवाय ते मेघाले नेत नव्हते."

"अन् तुमी हो म्हटलं?"

"मेघा रोज रस्त्याकडं पाहत बसते, पौर्णिमा."

पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली होती. कधी, तर आता!

"हे नाव तुमी तुमच्या पोरीसाठी ठेवलं होतं ना?" तो म्हणाला. "मले तवाच समजलं. मले वाटलं होतं... आपल्या दोघांच्या पोरीसाठी."

"मलेबी," ती म्हणाली.

नंदिनी परत आली. खिडकीशी वाकून म्हणाली, "ताई, हे नाव मले म्हनताच येऊन नाई राह्यलं. रविवारी समद्यांसमोर लेकराच्या कानात सांगाचं हाय. शिकवा ना."

पौर्णिमाला क्षणभर वाटलं, खिडकी लावून घ्यावी. सांगावं, जेवणाची सुट्टी झाली. पण या पोरीचा काय दोष? आणि त्या लेकराचा तरी काय?

"दोन्ही ओठ मिटा पह्यले," ती म्हणाली. "आता म्हना. उप्... पल... वण्णा."

"उप्पलवण्णा!" नंदिनीनं पहिल्याच फटक्यात म्हटलं आणि आनंदानं मागे वळून पाहिलं. रत्नदीप ओठ मिटून उभा होता.

पौर्णिमानं नाव टाइप केलं, एकेक अक्षर दोनदा तपासलं, दाखला छापून शिक्का मारला आणि खिडकीतून बाहेर सरकवला. तो घेताना त्याची बोटं दाखल्यावर जरा जास्तच रेंगाळली. मग नंदिनीनं हाक मारली आणि तो गेला.

हिंगणघाटात आता या नावाची एक मुलगी झाली होती. दुसरी व्हायची नव्हती.