वाळूवरचे पांढरे कुर्ते

"इथे तुमच्याशिवाय दुसरं आहेच कोण?" श्रीपतराव गरजले. "उद्या दुपारी गावात जातो आणि तुमच्या साहेबांना फोन लावतो! राहील का नोकरी, बघा मग!"

विजयाबाई ताठ उभ्या होत्या. समुद्रकाठच्या त्या एकाकी डाक बंगल्याची राखण आणि स्वयंपाक त्यांच्याकडेच होता. ड्रायव्हर हरिहर आणि मासळी घेऊन आलेले दोन कोळी अंगणात उभे राहून सगळं ऐकत होते.

"मी तुमचे कपडे पाहिलेसुद्धा नाहीत, साहेब."

"बाहेर वाळत घातले होते मी!" श्रीपतरावांच्या पत्नी कमलाबाई म्हणाल्या. विजयाबाईंनी परसातल्या रिकाम्या दोरीकडे पाहिलं.

तेरा वर्षांच्या रुचिराला स्वस्थ बसवेना. पप्पांचा राग तिला ठाऊक होता. चढला की चढला! आणि या वेळी त्या रागापायी कुणाची तरी भाकरी जाणार होती.

लखनऊच्या निशातगंजमधून निघालेली ही मंडळी मूळची नागपूरकडची. आधी नागपूर, मग लखनऊ. समुद्राशी सोयरीक कधी जुळलीच नव्हती. हर्णै, दाभोळ, गुहागर अशी गावं त्यांनी जीपमधूनच पाहिली, आणि लाल धुळीने अमीनाबादच्या बाजारातून आणलेले लखनवी भरतकामाचे पांढरे कुर्ते पार माखून गेले. ते घालून परवा रत्नागिरीत लग्नाला उभं राहायचं होतं. म्हणून कमलाबाईंनी सकाळी ते धुतले आणि खाली वाळूवर पसरून कोपऱ्यांवर दगड ठेवले. लखनऊचे धोबी गोमतीच्या काठी असेच तर कपडे वाळवतात! मग सगळे किल्ला बघायला गेले. संध्याकाळी येऊन पाहतात तो कुर्ते गायब!

दुसऱ्या दिवशी न्याहारी होताच रुचिरा, तिचा धाकटा भाऊ राजरत्न आणि लखनऊहून त्यांच्यासोबत आलेला, शेजारच्या एअरफोर्सवाल्यांचा प्रणव वाळूवर हजर झाले.

"दगड तर इथेच आहेत," प्रणव म्हणाला. "चोर दगड छोड़ गया!"

"दीदी, कल के हमारे पैर कहाँ गए?" राजरत्नने विचारलं.

"कुठले पाय?"

"अगं, पावलं! आई, तू, मी. सगळे इथे नाचलो होतो ना!"

खरंच की! वाळू सारवलेल्या अंगणासारखी सपाट होती. चोर कुर्ते नेईल, पण वाळू झाडून कशाला जाईल? रुचिराने वर पाहिलं. दगडांच्याही पुढे, बंगल्याकडच्या वाळूवर ओल्या शेवाळाची एक लांबलचक रेघ होती.

"ज्वार-भाटा!" ती ओरडली.

भूगोलाच्या पेपरात ज्वार-भाट्यावर, म्हणजे भरती-ओहोटीवर, तिला पैकीच्या पैकी गुण होते. पण पुस्तकातला समुद्र आपलेच कपडे नेईल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

"पप्पांना सांगूया!" राजरत्न म्हणाला.

"ते म्हणतील, बिनपावसाचं पाणी कधी चढतं का! पुरावा हवा. प्रणव, टोपी दे."

"मेरी ही क्यों?"

"कारण तुझ्याच डोक्यावर आहे!"

टोपी दगडाखाली ठेवून तिघं केवड्याच्या बेटाआड बसली. जेवायच्या हाका आल्या तरी हलली नाहीत. पाणी हळूहळू वर सरकत आलं. एका लाटेने दगड कलंडला आणि टोपी निघाली तरंगत, थेट दक्षिणेच्या कड्याकडे!

"भागो!"

कड्यावरची वाट करवंदीच्या जाळीतून जात होती. कोपरं खरचटली, प्रणवची चप्पल तुटली, झाडावरची वानरं दात विचकू लागली. पलीकडे खाली काळ्या खडकांची घळ होती, आणि कपारीत टोपीशेजारी काहीतरी पांढरं फडफडत होतं!

"तुम्ही वरच थांबा! लाट दिसली की ओरडा!"

रुचिरा धरत-धरत उतरली.  तिने कुर्ते ओढले, पण एक बाही अडकली.

"दीदी, लाट!"

ती खडकाला घट्ट बिलगली. खारं पाणी नाकातोंडात गेलं, पण हातातला कुर्ता तिने सोडला नाही.

तिघं धापा टाकत बंगल्यावर पोचली तेव्हा जीप सुरू झाली होती.

"हरिहरकाका, गाडी बंद करा! चोर सापडला, पप्पा! समुद्र!"

श्रीपतरावांनी ओले, फाटके कुर्ते उलटेपालटे करून पाहिले. सगळी हकीकत ऐकली. खाली पाहिलं, तर कमलाबाईंनी कुर्ते पसरले होते तिथे आता लाटा लोळत होत्या.

"वाळूत?" विजयाबाई थक्क झाल्या. "कपडे वाळूत कोण वाळत घालतं?"

कमलाबाईंनी मान खाली घातली. श्रीपतराव ओशाळून हळूच पुटपुटले, "बाई, चुकलं माझं."

"काल एवढ्या हळू नव्हतात बोलला, साहेब," विजयाबाई म्हणाल्या.

 रुचिराने पप्पांकडे पाहिलं. आता पप्पा चिडणार!

पण श्रीपतराव जीपमधून उतरले. खाली होड्या ओढत असलेल्या त्या दोन कोळ्यांना त्यांनी हाक मारून वर बोलावलं, हरिहरला शेजारी उभं केलं आणि कालच्याच खणखणीत आवाजात हात जोडून म्हणाले, "विजयाबाईंनी काही घेतलेलं नाही! मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला. मला माफ करा!"

विजयाबाईंनी पदराने डोळे टिपले. मग भिजलेल्या रुचिराला जवळ ओढून म्हणाल्या, "साहेब, पोरं गुणाची आहेत तुमची."

"आहेतच," श्रीपतराव म्हणाले. "बापापेक्षा शहाणी निघाली!"