कडू लागलं का?

सोमवार, १४ जुलै २०१४, सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. पेरूची राजधानी लिमाच्या उत्तर भागातील एका सरकारी रुग्णालयात, क्षयरोग वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात मास्कच्या चाचणीसाठी सतरा कर्मचारी रांगेत उभे होते. सतरावा माणूस हात बाहेर काढून पाऊस पडतो आहे की नाही, याचा अंदाज घेत होता. लिमाच्या हिवाळ्यात हे ठरवणे अवघडच असते; पाऊस म्हणावा तर थेंब दिसत नाही, धुके म्हणावे तर अंगावरचा कपडा भिजतो.

"पुढे या," परिचारिका लुसमिला म्हणाली. "नाव?"

"एल्मेर पोमा. एक्स-रेच्या फिरत्या मशीनवर. आजच आलोय."

चाचणी साधी होती. मास्क घालायचा, डोक्यावर पारदर्शक टोप चढवायचा, आणि लुसमिला त्या टोपात अतिशय कडू द्रव फवारणार. जिभेला कडवटपणा जाणवला, तर मास्क चेहऱ्याला घट्ट बसलेला नाही. जिथून कडू शिरते, तिथूनच क्षयाचा जंतूही शिरणार. आदल्या हिवाळ्यात या वॉर्डातला एक तरुण डॉक्टर असाच आजारी पडला होता, आणि त्याची खाट लुसमिलाने स्वतःच्या हातांनी लावली होती. तेव्हापासून या चाचणीत ती कोणाची गय करीत नसे.

"मान डावीकडे. उजवीकडे. आता बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. जबडा हलायला हवा, एवढंच."

"मग तुमच्या भुवयांबद्दल बोलतो. मास्कमुळे बाकी काही दिसतच नाही."

"कडू लागलं का?"

"भुवया?"

व्हरांड्यात खसखस पिकली. लुसमिलाने एक फवारा जास्तच मारला.

"लागलं," एल्मेर खोकत म्हणाला.

दुसऱ्या प्रकारच्या मास्कमध्येही लागले. त्याचा चेहरा लांबट, अरुंद. नाकाजवळ फट राहायचीच. आता तिसरा आणि शेवटचा प्रकार उरला.

"यातही लागलं तर?"

"तर हाडांच्या इमारतीत बदली. तिथे या मास्कची गरज नाही."

"आणि तुम्ही... तुम्ही कुठे असता?"

"मी इथेच."

तिने फवारा मारला. टोपाआडून तो तिच्याकडे एकटक पाहत राहिला. त्याच्या गळ्याची घाटी एकदा खाली गेली आणि वर आली.

"कडू लागलं का?"

"नाही," तो म्हणाला. "अजिबात नाही."

लुसमिलाने त्याला पास केले.

त्यानंतर रोज दहाच्या सुमारास फिरत्या मशीनची चाके कुरकुरत वॉर्डात येऊ लागली. आल्याबरोबर एल्मेर आधी खिडक्या उघडी. मास्कच्या खालोखाल इथे खरा आधार वाहत्या हवेचा; परंतु डोंगराळ भागातून आलेल्या रुग्णांची ठाम समजूत अशी की, गार वारा हाच मुळात सगळ्या आजारांचा बाप. त्यामुळे परिचारिकांची पाठ वळली की खिडक्या बंद.

"थंडी छातीत बसते रे पोरा," नऊ नंबरच्या खाटेवरच्या एउफेमियाआजी कुरकुरत. "लाव ती खिडकी."

"आजी, खिडकी लावली तर माझ्या छातीत भलतंच काहीतरी बसेल."

"ते तर बसलंच आहे," आजी लुसमिलाकडे पाहून म्हणत. "त्याला आता वाऱ्याने काही होत नाही."

लुसमिला मास्कच्या आड हसे. डोळ्यांनी मात्र ती गंभीर राहायला पाही, आणि ते तिला मुळीच जमत नसे.

दोन वाजता पाळी सुटली की दोघे फाटकाबाहेरच्या गाडीवर जव-जवसाचा गरम काढा घेत. तिथे पहिल्याच दिवशी त्याने तिचा पूर्ण चेहरा प्रथम पाहिला. गालांवर मास्कच्या पट्ट्यांचे वळ, नाकावर लाल रेघ. सवयीने एल्मेर तिच्या गालाला गाल लावायला पुढे झुकला, कारण या शहरात भेटीची रीतच ती. लुसमिला मागे सरकली.

"आमच्या वॉर्डातली माणसं कोपराला कोपर लावतात," ती म्हणाली. "बाहेरसुद्धा. सवय झालीय."

"मग कोपर तर कोपर."

भुरभुर पाण्यात त्याच्या ओल्या बाहीचा स्पर्श तिला घरी पोहोचेपर्यंत जाणवत राहिला...

सप्टेंबरच्या मध्यावर एल्मेरला खोकला सुरू झाला.

पहिल्या आठवड्यात त्याने हवामानाला दोष दिला. दुसऱ्या आठवड्यात लुसमिलाने त्याचा पट्टा पाहिला. तो एक भोक आत गेला होता. त्या दिवसापासून मशीनची चाके वाजण्याआधी तिला त्याचा खोकला ऐकू येई, आणि हातातल्या गोळ्या ती पुन्हा पहिल्यापासून मोजे. तिसऱ्या आठवड्यात तिने त्याला नियमानुसार तपासणीला पाठवले. छातीचा फोटो स्वच्छ आला. थुंकीतही जंतू नव्हता. म्हणजे क्षय जडला नव्हता, खोकला आणि उतरलेले वजन लांबलेल्या सर्दीचे ठरले, आणि त्याच्यापासून कोणाला धोकाही नव्हता. उरली हातावरच्या सुईची चाचणी. नोकरीला लागताना ती शून्य होती. आता दहा मिलीमीटर किंवा अधिक सूज आली, तर जंतू आत शिरून दबा धरून बसला आहे असे समजायचे. मग सहा महिने रोज परिचारिकेसमोर गोळ्या, आणि या वॉर्डाचे दार बंद.

मंगळवारी सुई टोचली. गुरुवारी तो बाही वर करून तिच्यासमोर बसला. हातावर लाल वर्तुळ होते. पण लाली मोजत नाहीत. बोटाला लागणारा कडकपणा मोजतात.

"थांबा," एल्मेर म्हणाला. "मोजण्याआधी एक सांगायचंय. त्या दिवशी... तिसऱ्या मास्कमध्येही कडू लागलं होतं."

लुसमिलाच्या हातातली मोजपट्टी तशीच राहिली.

"खोटं का बोललात?"

"हाडांच्या इमारतीत तुम्ही नव्हता."

"आणि मेला असतात म्हणजे? त्याचं खापर माझ्या भुवयांवर फोडलं असतं?"

"रागवा. तुम्हाला हक्क आहे."

ती रागावली नाही. तिने मोजपट्टी टेबलावर ठेवली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "तुझ्या गळ्याची घाटी हलली होती. मी पाहिली होती, एल्मेर. डॉक्टरची खाट लावणारी मी... तरी दुसऱ्यांदा फवारा मारला नाही. तू तिकडे गेलेलं मलाही नको होतं."

ती त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हणाली होती. खिडकीतून गार हवा आत येत होती, आणि खिडकी लावायला कोणीच उठले नाही.

"मग आता मोज," तो म्हणाला. "जे असेल ते असो."

"नाही. आधी दुसरं."

लुसमिला पुढे झुकली, आणि तिने त्याच्या खरखरीत गालावर ओठ टेकवले. भेटीच्या रीतीपेक्षा बरेच अधिक वेळ.

"हे आधी का?" त्याने विचारले.

"आकडा कळल्यावर हे केलं असतं, तर तुला ती दया वाटली असती. नाहीतर सुटल्याचा नुसता आनंद. मला दोन्ही नको होतं. उद्यापासून तू कुठल्याही इमारतीत अस, दोन वाजता गाडीवर ये. गोळी माझ्यासमोर घ्यायची असली, तर काढ्याबरोबर घे."

"आणि गोळी कडू असली तर?"

"तर खरं सांगायचं."

मग तिने बोट फिरवून कडक भागाच्या दोन्ही कडांवर पेनाने खुणा केल्या, पट्टी लावली आणि मोठ्याने वाचले.

तेरा मिलीमीटर.