पाणबुडीतली काठी

काठी शेवटच्या कप्प्यात सापडली. छताजवळच्या एका चाकाला मुठीने अडकवलेली. तिची मालकीण मात्र कुठेच नव्हती.

"आई माझ्यापुढेच होती," मुलगा फौजदारांना तिसऱ्यांदा सांगत होता. चाळिशीचा, घामाने निथळलेला. "तीनला आत शिरलो. गर्दीत चुकामूक झाली. बाहेर येऊन पाहतो तर आई नाही."

नौदलातून निवृत्त झालेली ती पाणबुडी किनाऱ्यावर आणून तिचं संग्रहालय केलं होतं. एका टोकाने आत जायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. तिसरी वाट नाही. शिपायांनी झोपायच्या फळ्यांखालीही बॅटरी मारून पाहिली होती.

चारच्या बसने दोघांना भेटायला आलेली बहीण फाटकापाशी वेड्यासारखी फिरत होती. आईला एकदा समुद्र दाखव, असा तगादा फोनवरून तिनेच लावला होता. आता ती येणाऱ्याजाणाऱ्याला मोबाइलवरचा फोटो दाखवत होती. समुद्रातला किल्ला पाहून लाँचने परतलेली माणसं, मनगटांवर निळे शिक्के घेऊन, मान हलवून पुढे जात होती.

पर्यटकांना पाणबुडी दाखवणारे काका काठी हातात घेऊन उभे होते. त्यांची वीस वर्षं अशाच पाणबुड्यांत, समुद्राखाली गेली होती.

"आईंची उंची किती?" त्यांनी बहिणीला विचारलं.

"माझ्या खांद्याला लागते."

"आणि चालणं?"

"दोन्ही गुडघे गेलेत. न्हाणीघराचा उंबरासुद्धा कुणी धरल्याशिवाय ओलांडवत नाही. काका, शोधा हो तिला. सकाळची गोळी तरी घेतलीय की नाही कुणास ठाऊक."

काका मुलाकडे वळले. "सकाळपासून कुठेकुठे गेलात?"

"कुठेच नाही. लॉजवर होतो. तिथून थेट इथे."

"आत आईंना हात दिलात?"

"म्हटलं ना, ती पुढे होती. आपली आपण चालत होती."

"मनगटाला काय लागलंय?"

मुलाने बाही खाली ओढली. "शाई. पेन गळलं."

काका फौजदारांकडे वळले. "साहेब, धक्क्यावर फोन करा. लाँच तयार ठेवायला सांगा. कारण नंतर सांगतो."

फौजदारांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि फोन लावला.

"आई पाणबुडीत आल्याच नाहीत," काका म्हणाले. "इथे दोन कप्प्यांमध्ये नेहमीचं दार नाही. गुडघ्याच्या वर गोल भोक आहे. वाकायचं, पाय उचलायचा, अंग पलीकडे ढकलायचं. असं सहा वेळा. उंबरा न ओलांडवणारी बाई कुणाचा हात न धरता शेवटच्या कप्प्यात पोचेल? आणि काठी काढताना मला टाचा उचलाव्या लागल्या. यांच्या खांद्याएवढी बाई ती तिथे टांगणार कशी?"

"पण तिकिटं दोन फाटलीत," फौजदार म्हणाले.

"रविवारची गर्दी. आई मागून येतेय म्हटलं की दारावरचा माणूस दोन्ही फाडतो. तोंडं कोण बघतंय?"

"मग आई कुठे आहे?" बहिणीने विचारलं.

"किल्ल्यावर. ती शाई पेनाची नाही, लाँचच्या शिक्क्याची आहे. पुसायला गेले, ती पसरली. सकाळी आईंना तिकडे सोडून हे एकटे परतले. शोध इथे व्हावा म्हणून काठी इथे आणली. शेवटची लाँच साडेचारला आली. आता सव्वासहा. उद्या सोमवार, किल्ला बंद."

मुलगा पायरीवर बसला.

"आठ वर्षं," तो बहिणीला म्हणाला. "उठवायचं, न्हाऊ घालायचं, रात्रीतून चार वेळा धरून न्यायचं. तू फोनवर विचारायचीस, आई कशी आहे. मी कसा आहे, हे एकदा तरी विचारलंस?"

बहिणीने फोटोचा मोबाइल खाली केला.

"कुणीतरी आणलंच असतं तिला. एखाद्या आश्रमात ठेवलं असतं," मुलगा म्हणाला.

"आणलं असतं तर कुणी सोडलं ते आईंनी सांगितलं नसतं?" फौजदारांनी विचारलं. "मग हे काठीचं नाटक कशाला?"

मुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

लाँचला वीस मिनिटं लागली. बहीण पुढच्या टोकाला उभी राहून हाका मारत होती. वाऱ्यात त्या तिच्या तिलाच ऐकू येत नव्हत्या.

आई दारूकोठारामागे, भिंतीला टेकून बसलेली सापडली. ओठांना भेगा पडल्या होत्या. काकांनी घोट घोट पाणी पाजलं.

"आजी, दिवसभर इथे एवढी माणसं होती," फौजदार म्हणाले. "कुणाला काही बोलला का नाहीत?"

"विचारत होते सगळे. मी म्हटलं, मुलगा येतोय."

बहिणीने तिचा हात घट्ट धरला. "तुला कळलंच नाही का, तो गेला ते?"

"कळलं. काठी मागितली तेव्हाच कळलं." आई धापा टाकत थांबली. "पाठुंगळी घेऊन चढवलं त्यानं मला इथवर. इथून लाँच दिसते. तिच्यात चढताना दिसला."

"मग हाक का नाही मारलीस?"

"मारली असती तर आला असता गं तो."