हजार गाठींचा लाल गोळा

"हे काय कुरवाळत बसलीस? टाक पोत्यात," म्हणत मामाने थोरलीच्या हातातला लाल गोळा काढून घेतला, पोत्यात कोंबला आणि पोत्याचं तोंड आवळलं. "चारला भंगारवाला येतोय."

रंगारी आजोबांना जाऊन दोन महिने झाले होते. सुट्टीला आलेली तिघं भावंडं त्यांचा कारखाना आवरायला मदत करत होती. आईने एकच सांगितलं होतं, "बाबांच्या हातचं काही मिळालं तर ठेवा." पण मिळाली होती ती फुटकी घमेली आणि पिंपाच्या झाकणावर वजन म्हणून ठेवलेला जाडजूड इंग्रजी शब्दकोश.

"गोळा कसला, मामाचा मेंदू होता तो," धाकटी म्हणाली. तिच्या कपाळावरच्या ठिपक्यांच्या लाल रुमालाला मधला हसला. "आणि याला रुमाल नाही, बंदाना म्हणतात. समुद्री चाचे बांधतात."

"बंदाना ही कुठली भाषा?" मधल्याने शब्दकोश उघडला. वाचता वाचता त्याचा आवाज खाली आला. "हिंदीतून इंग्रजीत गेलाय हा शब्द. बाँधनू. कापड चिमटीत धरून जागोजागी दोऱ्याने बांधायचं, मग रंगात बुडवायचं. बांधलेल्या जागी रंग पोचत नाही."

"तिथे ठिपका उरतो," थोरली पुटपुटली. "त्या गोळ्यावर दोरेच दोरे होते. आजोबांचं सोडायचं राहिलंय ते."

मामा पोतं ओढत दाराशी पोचला होता. धाकटीने खिडकीतला त्याचा चष्मा हळूच मुठीत घेतला.

"मामा, तुझा चष्मा पोत्यात तर नाही ना पडला?"

"झालं," म्हणत मामाने स्वतःच्या हाताने पोतं उलटं केलं. थोरलीने गोळा उचलला आणि धावत आईकडे नेला; बाकीचे मागोमाग.

आईने तो नुसता पाहिला. त्याची दोन टोकं शोधून काढली. मग म्हणाली, "दोघी दोन टोकं धरा. आडवं ओढा."

तडतड करत दोरे तुटून उडू लागले. मुठीएवढा गोळा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरला. लाल कापडावर पांढरे ठिपके, वर्तुळात वर्तुळं, हजारो. धाकटीने मोजायला सुरुवात केली आणि तिसऱ्या रांगेत सोडून दिली.

"हा आवाज ऐकून मी लहानपणी धावत यायचे," आई म्हणाली.

मामाने धाकटीच्या मुठीतला चष्मा घेऊन डोळ्यांवर चढवला. "हा असूनही मला दिसलं नसतं. तुम्हाला दिसलं. शाब्बास रे पोरांनो. थांबा, इस्त्री आणतो."

"नको," आई म्हणाली.

प्रत्येक ठिपक्यावर कापडाचं इवलं टोक अजून उभं होतं. थोरलीने एक चिमटीत धरलं. आजोबांनी नेमकं तिथेच धरलं होतं.