शेवटच्या सीटमागची टकटक

कुणी म्हणजे कुणीच तिचं खरं मानलं नाही. झाडलोट करणारी बाई, चौथी शिकलेली; तिने विमानातलं काय सांगायचं?

नऊ सीटांचं ते पंख्याचं विमान. उडालं की आत अशी घरघर, की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे. प्रवासी कुरकुरले, म्हणून मोठ्या मिस्त्रीने मागच्या भिंतीच्या पत्र्याआड जाड फोम कोंबला. घरघर निम्म्यावर आली. सगळे खूश.

त्या सकाळी ती शेवटची सीट पुसत होती. पंखे थंड, आत चिटपाखरू नाही. आणि पत्र्याआडून आलं... टक, टक, टक. मग जरा थांबून, एक.

तिच्या हातातलं फडकं गळालं. तिचा नवरा विमानांच्या याच शेडमधला मिस्त्री. स्क्रू आवळला की स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तीनदा ठोकायचा, कान लावून ऐकायचा, मनासारखं झालं की आणखी एकदा. सगळे त्याला कानसेन म्हणत. त्याला जाऊन आठ महिने झाले होते.

ती तरातरा मोठ्या मिस्त्रीकडे गेली. "तो फोम काढा. आत काहीतरी बिघडलंय."

"मावशी, कान वाजतायत तुमचे."

"माझे कान शाबूत आहेत! दुपारी माझी लेक बसणार आहे त्यात, तान्हं घेऊन."

"मग बरंच की. आवाज कमी, बाळ झोपेल."

"जिभेला काही हाड? पत्रा उघडेपर्यंत मी दारातून हलत नाही."

विमानाला दार एकच. ती पायरीवर फतकल मारून बसली. तासाभराने तो वैतागून आला, तिला ओलांडून आत शिरला... आणि तिथेच खिळला.

पत्रा उतरवून सीटवर ठेवलेला. फोम बाहेर. तिच्या फडक्यावर सहा स्क्रू, डोकी खाली, एका रांगेत. भिंतीतून शेपटाकडे जाणारी, विमान वळवणारी तार फोमने लोखंडी पट्टीवर रेटली होती. घासून घासून तिचा एकच पीळ उरला होता.

दुपारचं उड्डाण रद्द झालं. मोठा मिस्त्री दुरुस्तीची नोंदवही घेऊन सीटवर बसला.

"फोम कुणी कोंबला, तेही लिहा," ती म्हणाली.

त्याने आपलं नाव लिहिलं. "आणि परवानगीशिवाय पत्रा... कुणी उघडला?"

"दारात मी होते. आत कुणी गेलं नाही."

तिने स्क्रू उचलले. अजून कोमट होते.

उघड्या भिंतीतून आलं... टक, टक, टक.

त्याचं पेन कागदावर थांबलं.

टक.

मान वर न करता त्याने रकान्यात लिहिलं : कानसेन.