मार्चने गिळलेला तास

"दोन बर्थ हवेत. खालचे मिळाले तर बरं."

टिलीने कॉम्प्युटरवरून नजर न काढताच विचारलं, "कोणाकोणाला?"

"एक मला. एक आमच्या म्हातारीला."

"वय?"

"माझं एकतीस. तिचं... एकशे चाळीस असेल. नक्की तिलाही ठाऊक नाही."

आता मात्र टिलीची मान वर झाली. दारात एक ताडमाड उंच तरुण उभा होता. पावसाने केस कपाळाला चिकटलेले, आणि एक हात शेजारच्या भल्यामोठ्या काळ्या पेटीच्या कमरेभोवती. पेटी त्याच्याहूनही वीतभर उंच.

"डबल बास, व्हायोलिनची आजी म्हणा," तो म्हणाला. "पणजोबांपासून घरात आहे. स्वभाव तापट, आवाज खर्जातला. विमानात सामानाबरोबर टाकली तेव्हा मान मोडून घेतली होती. तेव्हापासून आम्ही विमानाचं नाव काढत नाही."

"एकशे चाळीस म्हणजे ज्येष्ठांची सवलत बसेल," टिली अगदी गंभीरपणे म्हणाली. "पण ओळखपत्र लागेल हं."

तो हसला. त्याचा उजवा गाल आधी हसायचा आणि डावा जरा विचार करून मागाहून! टिलीला ते दिसलं, आणि आपल्याला ते दिसलं हेही तिच्या लक्षात आलं. झालं, तिथेच घात झाला.

व्हिएन्नाच्या पश्चिम स्टेशनामागच्या गल्लीत कोगलरबाईंचं हे चिमुकलं ऑफिस होतं. विमानाची भीती वाटणारे, कुत्र्याला सोडून न राहणारे, मधुचंद्राला निघालेले, अशा सगळ्यांना रात्रीच्या गाड्या जुळवून द्यायच्या, हा त्यांचा धंदा. कुठली गाडी मध्यरात्री दोन तुकडे होऊन दोन देशांना जाते, कुठल्या डब्यात वरच्या बर्थवर थंडी वाजते, सगळं टिलीला तोंडपाठ. तिच्या हातून कोणाची गाडी चुकली असं कधी झालं नव्हतं, आणि त्याचा तिला थोडा ताठाही होता.

त्या तरुणाचं नाव सेवेरिन. टेकडीवर लोक वाइन प्यायला बसतात त्या बागांतून, लग्नांतून वाजवून पोट भरायचा. आता डेन्मार्कात ओडेन्सच्या एका वाद्यवृंदाने त्याला शेवटच्या परीक्षेला बोलावलं होतं. मार्चअखेरचा रविवार, दुपारी. निवड झाली तर जन्माची नोकरी, आणि मुक्काम तिकडेच.

काम तसं तासाभराचं. शनिवारी संध्याकाळी इथून हँबुर्गची झोपायची गाडी, सकाळी तिथून ओडेन्सची. बासकरता अख्खा कंपार्टमेंट घ्यायचा, म्हणजे खालच्या बर्थवर म्हातारीला आडवं करता येतं. पण सेवेरिन आठवड्यातून दोनदोनदा यायला लागला.

"गाडीत सकाळच्या न्याहारीचे पदार्थ निवडायला कागद देतात ना? म्हातारी काही खात नाही. तिचे पदार्थ मला मिळतील?"

"मिळतील. पण तिचं तिकीट काढणारे तुम्ही, तिला उपाशी ठेवणारेही तुम्हीच."

"आणि... झुरिकवरून गेलं तर?"

"अहो बासवाले, झुरिक कुठे, डेन्मार्क कुठे! हा म्हणजे डोक्यामागून हात नेऊन उलटा घास झाला."

"उलटा घास फार हळू खाता येतो, टिलीबाई."

टिली खाली बघून पेन्सिलीला टोक काढायची. टोक आधीच काढलेलं असायचं. नकाशावर दोघांची बोटं रुळांवरून सरकायची आणि कुठल्यातरी जंक्शनात हमखास गाठ पडायची... मग दोघंही हात मागे घ्यायचे, पण जरा सावकाशच.

कोगलरबाई आतून ओरडायच्या, "टिली! हा मुलगा हँबुर्गला चाललाय की चंद्रावर? इतके हेलपाटे कशाला?"

टिली हसून वेळ मारून न्यायची, पण रात्री अंथरुणात कुशी बदलत राहायची. तो आवडला होता. सरळ सांगायचं तर जीव जडला होता. आणि ती स्वतःच्या हाताने, इतक्या निगुतीने, त्याला लांब पाठवत होती. गुरुवारी तिने सगळा बेत कागदावर लिहून त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचला, परत वाचला, तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि "थँक्यू" म्हणून निघून गेला.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. निघायच्या आधी कोगलरबाई स्टुलावर चढल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे ढकलू लागल्या.

"हे काय करताय?"

"आज रात्रीपासून उन्हाळ्याची वेळ, सगळ्यांची घड्याळं तासभर पुढे नाही का! उद्या कोण कडमडणार इथे? दर मार्चला एक तास गिळतात मेले, आणि परत देतात ऑक्टोबरात. तोवर माणूस मेलं तर मागायचा कोणाकडे?"

टिलीने हातातली कपबशी खाली ठेवली आणि बोटांवर तास मोजले.

गाडी रात्रभर तेवढीच पळणार, पण पहाटे हँबुर्गची घड्याळं तासभर पुढे गेलेली असणार. तिने दोन गाड्यांमध्ये जेमतेम पाऊण तास ठेवला होता. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली, त्यामुळे कॉम्प्युटरनेही टोकलं नाही. ओडेन्सची गाडी गेलेली असणार, आणि पुढची पोचेपर्यंत परीक्षा आटोपलेली! ह्या धंद्यातलं शेंबडं पोरही करणार नाही अशी चूक तिने केली होती, कारण ती गाड्यांकडे बघतच नव्हती. ती त्या डाव्या गालाकडे बघत होती.

आणि मग... खोटं कशाला बोला, एक विचार आलाच. गप्प बसलं तर? गाडी चुकेल, परीक्षा हुकेल, तो परत येईल. इथेच राहील. कोणाला दोषही द्यायला नको, घड्याळाने केलं म्हणायचं.

बाई कुलूप लावून गेल्या तरी टिली फूटपाथवर उभीच होती. मग तिने स्वतःलाच एक सणसणीत शिवी दिली आणि धावत जाऊन ट्राम पकडली.

गाडीआधी सेवेरिन जिथे वाजवणार होता त्या टेकडीवरच्या बागेत कोणा आजी-आजोबांच्या लग्नाच्या पन्नाशीचा सोहळा चालला होता. जर्दाळूची झाडं नुकती फुललेली, टेबलांवर पाकळ्या पडलेल्या. एक जाडसर गृहस्थ अकॉर्डियन वाजवत होते आणि सेवेरिन बास. कोटाची बटणं वरखाली लावलेली टिली टेबलांमधून सरळ चालत आली, आणि त्याचा एक ठोका चुकला. नाचणाऱ्या आजोबांचा पाय आजींच्या पायावर पडला.

"मी चूक केली," ती धापा टाकत म्हणाली. "आज घड्याळं पुढे जाणार. तुमची सकाळची गाडी मिळणार नाही. आणि... आणि हे कळल्यावर मी लगेच आले नाही. गप्प बसावं असं वाटलं मला. तुम्ही जाऊ नये म्हणून. काय म्हणायचं ते म्हणा आता."

सेवेरिनने बासवरचा हात खाली घेतला. कान लाल झाले होते त्याचे.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय?"

"घड्याळाचं. गुरुवारी कागद वाचतानाच लक्षात आलं. आई दर वर्षी गावाकडून फोन करून आठवण करते. सांगणार होतो, पण... गाडी चुकली तर चुकू दे म्हटलं. म्हणजे मला ठरवायला नको. इथेच राहीन, तुमच्या ऑफिसात झुरिकची चौकशी करत."

क्षणभर टिलीला इतका आनंद झाला की बसायला खुर्ची शोधावीशी वाटली. आणि दुसऱ्याच क्षणी तिचा असा भडका उडाला म्हणता!

"म्हणजे माझ्या चुकीच्या आड लपणार होतास? आणि म्हातारपणी सगळ्यांना सांगत फिरणार होतास, टिलीमुळे माझं राहिलं म्हणून? ते ओझं नाही घ्यायचं मला! तुला नको असेल ना, तर तिथे जा, जीव ओतून वाजव, आणि मग त्यांच्या तोंडावर नको म्हण. गाडी चुकली म्हणून राहिलेला माणूस मला नकोय!"

अकॉर्डियनवाल्याने हळूच विचारलं, "मग... आत्ता कुठली गाडी आहे, पोरी?"

"दुपारची आहे. दिवसाची. रात्री हँबुर्गला उतरायचं, सकाळी पुढे. पण आत्ता निघायला हवं!"

"जा रे बाबा," ते म्हणाले. "मी एकटा वाजवतो. हे दोघं नाहीतरी तालात नाहीत."

बासची मान टॅक्सीच्या खिडकीतून बाहेर काढून ते स्टेशनावर पोचले. पेटी डब्यात चढवायला दोन माणसं लागतात, म्हणून टिली चढली. पेटी बसवेपर्यंत गाडी सुटली.

"सेंट पोल्टनला उतरते मी," ती म्हणाली.

सेंट पोल्टन आलं तेव्हा सेवेरिन पणजोबांची गोष्ट सांगत होता. अर्ध्यातून कसं उठणार?

"लिंझला नक्की."

लिंझही गेलं. तिकीट तपासनीस आले. "बाई, तुमचं कुठपर्यंत?"

"पुढच्या स्टेशनपर्यंत."

"ओडेन्सपर्यंत द्या त्यांना," सेवेरिन खिडकीबाहेर बघत म्हणाला. "वाटेत विचार बदलला तर... बदलला तर सांगतील त्या."

टिलीने पर्समधून पैसे काढले. दुसऱ्यांचे प्रवास आखण्यात हयात घालवणारी ही बया, दातांचा ब्रशही न घेता डेन्मार्कला निघाली होती.

दुपारी ओडेन्सला बोचरा वारा होता. ती सभागृहाबाहेरच्या बाकावर बसली. बंद दारामागून बासचा आवाज आला, खोल आणि धीराचा. त्या बागेत तो असा कधीच वाजवत नसणार. ऐकता ऐकताच तिला कळून चुकलं, हे लोक ह्याला सोडणार नाहीत. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ती बसून राहिली.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. सेवेरिनचा चेहरा काच फोडलेल्या मुलासारखा झाला होता.

"घेतलं," तो म्हणाला. "ऑगस्टपासून."

टिलीला रडू फुटलं, आणि त्यातच हसूही.

"नको म्हणू का? आत्ता आत जाऊन सांगतो—"

"खबरदार! आणि तसं वाजवून झाल्यावर विचारतोयस?" तिने बाहीने डोळे पुसले. "आवडतोस मला. फार आवडतोस. व्हिएन्नात आवडतोस, इथेही आवडशील. अरे, अख्ख्या जगाला रात्रीच्या गाड्या जुळवून देते मी. तुझ्यापर्यंत यायची गाडी मलाच सापडणार नाही होय रे?"

सेवेरिनचा उजवा गाल हसला. डाव्याची वाट बघायला तिला धीर नव्हता. तिने त्याची कॉलर धरली आणि त्याला खाली वाकवलं.